काचघराचं पाणी

समिधा मांद्रेकरच्या केसांनी तिच्याविरुद्ध साक्ष दिली, तेव्हा तिला आधी हसूच आलं.

नोंदणी कार्यालयाच्या टेबलावर तिचा एक लांबसडक केस काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये ताणून ठेवला होता. समोरच्या पडद्यावर तोच केस हातभर जाडीचा दिसत होता आणि टोकापासून मुळापर्यंत तांबडा होता. मध्ये कुठेतरी एक अरुंद निळी पट्टी होती, तेवढीच. गोवार्ट्स नावाचा अधिकारी त्या निळ्या पट्टीवर पेन्सिल टेकवून डचमध्ये बोलत होता आणि समिधाची वीस वर्षांची मुलगी शर्वाणी ते तिला मालवणीत सांगत होती. गोवार्ट्स पन्नाशीचा, सभ्य, सावकाश बोलणारा गृहस्थ होता. असल्या माणसाशी भांडायचीही सोय नसते.

"आये, तो म्हणता, तांबडा म्हंजे कोकणचा पाणी, निळा म्हंजे हंयचा. तू तीन वर्सांमागे हंय इलंस, दीड म्हयनो रवलंस आनि परत गेलंस."

"परत खंय गेलंय?"

"घराक. बांद्याक."

"मगे गेली तीन वर्सां हंय टोमॅटो कोण तोडता? माझा भूत?"

शर्वाणीने याचं भाषांतर केलं नाही. गोवार्ट्सने एक कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं की अर्जदार तीस दिवसांत बेल्जियम सोडेल. समिधाचं हसू तिथे संपलं.

ही मांद्रेकर मंडळी बेल्जियममध्ये कशी, ते सांगायला हवं. समिधाचा नवरा उल्हास पेडण्याचा. त्याचे आजोबा गोव्यात पोर्तुगीज अंमल असताना जन्मले, त्यामुळे नातवाला लिस्बनच्या दप्तरातून पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं. उल्हासने पोर्तुगाल डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण कायद्याला त्याचं काही नव्हतं. युरोपीय संघाच्या कुठल्याही देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात जाऊन काम करू शकतो, आणि त्याच्या मागोमाग त्याची बायकोमुलं तिथे राहू शकतात, मग बायको कुठल्याही देशाची असो. उल्हास सहा वर्षांपूर्वी आला आणि एका गोदामात माल चढवायच्या कामाला लागला. तीन वर्षांनी त्याने समिधाला आणि शर्वाणीला आणलं. शर्वाणी बापामुळे पोर्तुगीज होती. समिधा बांद्याची, भारताची नागरिक, आणि तिचा इथे राहण्याचा हक्क सगळा नवऱ्याच्या नावावर उभा होता.

तीन महिन्यांपूर्वी गोदामातच उल्हासचं हृदय थांबलं.

कायदा विधवेला लगेच हाकलत नाही, हेही खरं. नवरा वारण्याआधी निदान एक वर्ष ती त्या देशात त्याची बायको म्हणून राहिली असेल आणि स्वतः कमावत असेल, तर तिचा हक्क टिकतो. समिधा गावाबाहेरच्या काचघरात टोमॅटो तोडत होती. पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, दाराच्या यंत्रातल्या नोंदी होत्या. पण काही वर्षांपूर्वी एक भानगड उघडकीला आली होती. काचघरांत रोपांना रोग लागू नये म्हणून सगळे डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या कपड्यांत असतात, तोंडावर मुखवटा, आणि कार्ड एकीचं तर काम दुसरीचं असे प्रकार शेकड्यांनी चालले होते. तेव्हापासून कागदांवरचा, पासपोर्टातल्या शिक्क्यांवरचा, शेजाऱ्यांवरचा आणि सोबत्यांवरचा सरकारचा विश्वास उडाला. साक्ष द्यायची ती शरीराने, असं ठरलं.

त्यामागचं शास्त्र सोपं आहे. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वजनाचे नसतात, काहींतला ऑक्सिजन किंचित जड असतो. समुद्रावरून ढग निघाला की हे जड पाणी आधी, उष्ण किनाऱ्यावरच, सांडतं. ढग थंड मुलखाकडे सरकत जातो तसं त्याच्यात हलकं पाणी उरतं. म्हणून कोकणातल्या विहिरीचं पाणी जड आणि बेल्जियमच्या नळाचं हलकं. माणूस जे पाणी पितो, ज्यात भात शिजवतो, त्याचा अंश केसात उतरतो आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. यंत्र केस मुळापासून वाचत जातं, खाल्लेल्या धान्याचा वाटा वजा करतं आणि कुठल्या महिन्यात माणूस कुठलं पाणी पीत होता ते सांगतं. हजारो लोकांवर करून पाहिलेली चाचणी होती. तिने आजवर कुणाला फसवलं नव्हतं.

घरी आल्यावर समिधा सवयीने स्वयंपाकाला लागली. कोपऱ्यातला पाच लिटरचा कॅन उचलून तिने कुकरात पाणी ओतलं, आणि शर्वाणी खुर्चीतून उठून उभी राहिली.

"आये, ह्या पाणी खंयचा?"

"खंयचा म्हंजे? आपल्या काचघराचा. नळाच्या पाण्यात डाळ शिजता काय कधी?"

शिजत नसे, हे खरंच. गावच्या नळाचं पाणी चुनखडीचं. त्यात तूरडाळ चार काय, आठ शिट्ट्यांनंतरही दाताखाली कचकच करायची. आल्यावर दीड महिना समिधाने डाळीशी झुंज दिली आणि हात टेकले. मग एक दिवस काचघरातल्या नळाखाली हात धुताना साबण पटकन फेसाळला, तेव्हा कोकणच्या बाईला जे कळायचं ते कळलं. त्या दिवसापासून ती रोज दोन कॅन घरी आणत होती. डाळ, पेज, चहा, प्यायचं पाणी, सगळं त्याच्यावर. नळावर पिऊ नये अशी पाटी होती, पण पाटी पाणी न उकळणाऱ्यांसाठी असणार अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

शर्वाणी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने वहीच्या पाठीमागे चौकोन आणि बाण काढून आईला समजावलं. दुष्काळानंतर इथली काचघरं बंदिस्त झाली होती. पानांतून निघालेली वाफ छतातल्या थंड नळ्यांवर धरायची, ते पाणी टाकीत घ्यायचं आणि पुन्हा मुळांना द्यायचं, असं तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत होतं. प्रत्येक फेरीत थोडी वाफ छताच्या झडपांतून निसटते, आणि निसटतात ते आधी हलके रेणू. जड मागे राहतात. होता होता त्या टाकीतलं पाणी बांद्याच्या विहिरीइतकं जड झालं होतं.

"म्हंजे मी हंय रवान कोकणचा पाणी पितंय?"

"होय. नि ती निळी पट्टी म्हंजे तुझो पयलो दीड म्हयनो. डाळ शिजत नाय होती तो."

तीन वर्षं ज्या देशात कंबर मोडेपर्यंत काम केलं त्या देशात आपण नव्हतोच, आणि हे केलं ते आपल्या डाळीने. समिधाला रडू आलं, मग धीरही आला. कारण सापडलं होतं. सांगितलं की सुटलो, असं तिला वाटलं.

गोवार्ट्सने सगळं ऐकून घेतलं, आणि काचघराच्या मालकांना विचारलं. मालकांनी लेखी कळवलं की ते पाणी कुणी पीत नाही, तशी पाटी आहे, आणि टाकीचा नमुना आम्ही देणार नाही. सक्तीने नमुना घ्यायचा तर गोवार्ट्सला हुकूम काढावा लागणार होता आणि हुकमासाठी काहीतरी आधार लागणार होता.

"ते पाणी आणखी कुणी पीत होतं का?" त्याने विचारलं.

समिधा खुर्चीत ताठ बसली. शर्वाणीचे केस मुळापर्यंत रंगवलेले होते आणि असा केस यंत्र वाचत नसे, पण हा प्रश्न तिच्या हक्काचा होता.

"माझो घोव. सकाळची पेज माझ्या हातची, दुपारचो डबो माझो, पाण्याची बाटली माझी, रातचा जेवान माझा. भायरच्या पाण्याचो थेंब त्याच्या पोटात गेलो नाय. लिवन घे म्हण त्येका."

आईने कोपराने ढोसलं तेव्हा शर्वाणीने ते सांगितलं, आणि गोवार्ट्सने ते लिहून घेऊन समिधाची सही घेतली. मृत्यू कामावर झाला होता, म्हणून डॉक्टरांनी उल्हासच्या केसांची एक बट राखून ठेवली होती. बारा सेंटिमीटरची, म्हणजे बरोबर शेवटच्या वर्षाची. उल्हास त्या वर्षी रोज गोदामात होता, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्याचाही केस तांबडा निघाला तर टाकी दोषी ठरत होती.

"आये, बाबाचो केस नको," शर्वाणी हळूच म्हणाली. "गेलो तो. त्येका कित्याक आता?"

"त्येणाच आपल्याक हंय हाडल्यान. तोच वाचवतलो."

आठ दिवसांनी पडद्यावर उल्हासचा केस आला. तो मुळापासून टोकापर्यंत निळा होता.

तांबड्याचा मागमूस नव्हता. गोवार्ट्सने पेन्सिल खाली ठेवली. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, पण त्याचा समिधाला काही उपयोग नव्हता. एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोघांचे केस असे निघू शकत नाहीत, असं तो म्हणाला. एक तर पाण्याची गोष्ट खोटी आहे, नाही तर चुलीची. अकरा दिवस उरले होते.

परत येताना बसमध्ये शर्वाणीने पिशवीतून एक छापील अर्ज काढला. तिने तो आधीच आणून ठेवला होता.

"मी कॉलेज सोडतंय," ती म्हणाली. विद्यार्थिनीला आईला आपल्या नावावर ठेवता येत नव्हतं, कामगार मुलीला येत होतं. "सोमवारपासून काचघरात लागतंय. मगे तू माझ्या नावार रवशीत."

"फाडून टाकीन तो कागद."

"मगे काय करशीत? बांद्याक जातलंस? कोणाकडे?"

माहेरी भाऊ नव्हता, आईवडील गेलेले. पेडण्याचं घर दिरांनी कधीच वाटून घेतलं होतं. पण खरं दुःख ते नव्हतं. ज्या मुलीसाठी सगळं सोडून परमुलखात आलो, ती एक तर डोळ्यांआड होणार, नाही तर डोळ्यांसमोर, पांढऱ्या कपड्यांत, आपल्याच शेजारच्या रांगेत टोमॅटो तोडत आयुष्य काढणार. दोन्हींतलं काहीही बघायला आपण नसतो तर बरं झालं असतं, असं समिधाला वाटून गेलं, आणि असं वाटल्याची तिला भीतीही वाटली.

घरी येऊन तिने फडताळ उघडलं. उल्हासचा डबा वरच होता. जन्मात स्वतःची कपबशी न विसळलेला माणूस, पण त्याचा डबा गेलं वर्षदीड वर्ष रोज लख्ख धुऊन घरी येत असे. समिधा त्यावर मनातल्या मनात खूश होती. परदेशात येऊन नवरा सुधारला, असं ती बांद्याच्या मैत्रिणींना फोनवर सांगतही असे. तिने फडताळ लावलं आणि तिथेच जमिनीवर बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गोदामावर गेली. मांद्र्याचा फासकू डिसोझा उल्हासबरोबर एकाच पाळीत होता. तो तिला बघून ट्रकमागे वळायला लागला, तेव्हाच तिला अर्धं उत्तर मिळालं.

"फासकूभाऊ, तो दुपारचो खंय जेवी?"

"वयनी, मेल्या मानसाचा आता कित्याक उकरतंस?"

"माका धा दिवसांत भायर घालतत. सांग."

फासकूने टोपी काढली. "पॅकिंगात एक बाई आसा. रुमानियाची. ऑरेलिया. तिचा घर जवळच. तो दुपारचो थंयच जाय. थंयच जेवी. कधी सांजेकय."

"डबो?"

"डबो आमी खाव. तुझी डाळ बरी लागे, वयनी."

समिधाने पत्ता विचारला नाही. तो कळला तर आपण त्या दारावर जाऊन काय करू याची तिची तिला खात्री नव्हती. शेवटच्या वर्षात सकाळची पेज तो घाई आहे म्हणून डब्यात घालून न्यायचा आणि रात्री जेमतेम दोन घास खाऊन उठायचा. पाळी बदलल्यापासून भूक लागत नाही म्हणायचा, आणि ती त्याच्या पोटासाठी ओवा भाजून ठेवायची. तिला राग आला, पण रागावायला तो माणूसच नव्हता. वर तिला त्याची आठवण येतच होती, आणि हे तिला सगळ्यांत जास्त लाजिरवाणं वाटलं.

आता तिच्याकडे आधार होता. उल्हास दुसऱ्या चुलीवर जेवत होता, म्हणून त्याचा केस निळा. मग समिधाचं म्हणणं खरं ठरू शकत होतं, टाकीचा हुकूम निघू शकत होता. नवराबायको एका छपराखाली राहत नसले तरी लग्न मोडलेलं नसेल तर तिचा हक्क जात नाही, हे गोवार्ट्सने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फक्त हे त्याला सांगायला हवं होतं, आणि सांगायचं तर शर्वाणीच्या तोंडून. सरकारी भाषांतराच्या यंत्राला मालवणी कळत नसे. समिधाची शाळेतली मराठी घाबरली की मालवणीच होई. फासकू सरकारी दारात पाय ठेवायला तयार नव्हता.

आणि शर्वाणीचा बापावर जीव होता. त्याचं मरण तिने अजून पचवलं नव्हतं, त्याचं जाकीट घालून कॉलेजला जात होती. त्या पोरीच्या जिभेवर ही बातमी ठेवायची होती. समिधाने सात दिवस तोंड उघडलं नाही. सात दिवसांत तिने पाच किलो वजन घालवलं आणि शर्वाणीने कॉलेज सोडायचा अर्ज भरून ठेवला. फक्त सही राहिली होती. आठव्या दिवशी सकाळी समिधाने तो कागद टेबलावर पाहिला आणि चपला घातल्या.

"चल," ती म्हणाली. "माका त्या मानसाक काय ता सांगूचा आसा."

गोवार्ट्सने दोघींना बसवलं. समिधा मुलीकडे न बघता बोलायला लागली.

"सांग त्येका. मी आधी सांगलंय ता खोटा नाय, पन चुकीचा. डबो मी दिलंय, पन त्येणा तो खाल्ल्यान नाय. एक बाई आसा. रुमानियाची, ऑरेलिया म्हणान. गोदामात पॅकिंगात. तुझो बापूस तिच्याकडे जेवी. रोज. सांग, शर्वू. माका माफ कर आनि सांग."

मग तिने मुलीकडे पाहिलं. पोरीचा चेहरा आता मोडेल, ती उठून जाईल, नाही तर आईला खोटारडी म्हणेल, या सगळ्याची तिने तयारी केली होती.

शर्वाणीचा चेहरा मोडला नाही. ती गोवार्ट्सकडे वळून बोलू लागली. एका सुरात, एकदाही न अडखळता ती बोलत राहिली, आणि समिधाचं सांगणं संपलं असेल तिथे ती थांबली नाही. पुढे आणखी काही बोलली. त्यात एक शब्द आला, ट्वाल्फ. डच भाषेतलं समिधाला फारसं काही येत नसे, पण आकडे येत. टोमॅटोची बारा खोकी भरली की एक गाडी होई, आणि ट्वाल्फ हा शब्द ती दिवसातून शंभरदा ओरडत असे. गोवार्ट्सने तो आकडा लिहून घेतला, त्याच्या आधी एका रस्त्याचं नाव लिहिलं.

"बारा काय?" समिधाने विचारलं. "मी बारा खंय म्हटलंय?"

शर्वाणी जाकिटाच्या बाहीत हात आखडून बसली होती.

"घराचो नंबर."

"माका नंबर ठावूक नाय."

"माका ठावूक आसा," शर्वाणी म्हणाली. "बाबा माका थंय घेवन जाय. आयतवारचो."

दर रविवारी बापलेक गाडी शिकायला जात. समिधा दोघांना दारापर्यंत पोचवायला जाई, आणि परत येईपर्यंत जेवायची थांबे. येताना दोघांनाही भूक नसे.

"तुका सांगाक होया होता," शर्वाणी म्हणाली. "मगे तो गेलो. मेल्यार कसा सांगतलंय? माका वाटला, मी कामाक लागलंय तर कोणाकच काय सांगूचा लागूचा नाय."

समिधाने तिला मारलं नाही. आपलं माणूस म्हणून या जगात एवढीच एक उरली आहे, हिच्याचसाठी आपण आत्ता नवऱ्याची अब्रू टेबलावर मांडली, आणि हिने ती अब्रू आपल्याआधी कितीतरी दिवस पाहिलेली होती.

गोवार्ट्सला यातलं अक्षर कळलं नाही, पण त्याने काही वेळ पडद्याकडे बघत राहण्याचं सौजन्य दाखवलं. मग तो बोलला. ऑरेलियाकडे आजच माणूस जाईल. तिने दुजोरा दिला की टाकीच्या पाण्याचा हुकूम निघेल. तोवर देश सोडण्याची नोटीस थांबवली आहे, आणि पाणी जड निघालं तर ती रद्दच होईल. शर्वाणीने हे जसंच्या तसं सांगितलं. समिधाने मान हलवली. चार आठवडे जे ऐकण्यासाठी ती मरत होती ते हेच होतं.

शेवटी त्याने एक फॉर्म काढला आणि त्यातल्या एका चौकटीवर बोट ठेवलं.

"तो विचारता," शर्वाणी खाली बघत म्हणाली, "तू यापुढे खंय रवतलंस? माझ्याच पत्त्यार, की येगळा?"

समिधाने मुलीच्या अंगावरच्या बापाच्या जाकिटाकडे पाहिलं. गोवार्ट्सने घाई केली नाही.

"सांग त्येका," ती म्हणाली, "आये आनि चेडू एकाच घरात रवतले. आनि शर्वू, ह्या वेळाक मी सांगतंय तितकाच सांग."

शर्वाणीने तेवढंच सांगितलं.